नदी आभासी, मग घरात शिरलेले पाणी खरे कसे?

रावपुरेकर:
जग ही बहुधा संगणकावर चाललेली प्रतिकृती आहे, सबब वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींसाठी गळा काढणे हा निव्वळ भाबडेपणा होय, असे 'तळमजला' यांनी काल लिहिले आणि आधाराला तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांचा २००३ चा निबंध दिला. त्या निबंधात तीन शक्यतांपैकी एक तरी जवळपास निश्चित खरी असावी, एवढेच म्हटले आहे. तिसरीच, म्हणजे आपण प्रतिकृतीत आहोत हीच खरी, हा निष्कर्ष आपला. तोही मान्य केला, तर ऑगस्ट २०२४ च्या पुरात आपल्या घरात शिरलेले पाणीही आभासीच ठरते. मग भरपाईचा अर्ज कोणत्या जगात केलात?

तळमजला:
टोमणा अनाठायी आहे. कमरेएवढ्या पाण्यातून आईला खुर्चीसकट जिन्यावर नेले, तेव्हा वरच्या मजल्यावरून छायाचित्रे काढणारे मगरींचे कैवारी खाली उतरले नव्हते. राहिला मुद्दा. प्रतिकृती चालवणाऱ्याने प्रत्येक तपशील भरलाच पाहिजे असे नाही, हे बोस्ट्रॉम यांनीच लिहिले आहे. मगरीच्या आत काही जाणवते की नुसते चित्र हलते, हे कोणी सांगावे?

वेदान्ती:
शंकराचार्यांनी जगाला मिथ्या म्हटले, तरी त्याची व्यावहारिक सत्ता, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरता खरेपणा, नाकारली नाही.

रावपुरेकर:
वेदान्तीबुवा, प्रत्येक चर्चेत आपण हेच सांगता. आज प्रथमच ते प्रस्तुत आहे. त्याच निबंधात काही माणसेही नुसती छायारूप, जाणीवशून्य असण्याची शक्यता मांडली आहे. मगरीचा निकष शेजाऱ्यालाही लावणार काय?

कारेलीबागकर:
तत्त्वज्ञान पुरे. कांस, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे ओढे-नाले, बुजवून आणि नदीकाठी भराव घालून इमारती उठल्या, तेव्हा हे दोन्ही पक्ष कोठे होते? पाणी सोडणाऱ्या आजवा जलाशयाच्या नावाने बोटे मोडणे सोपे असते.

तळमजला:
म्हणूनच २०२५ मध्ये पात्र रुंद व खोल केले, ते योग्यच झाले. तेव्हाही अंड्यांचे रडगाणे होतेच!

रावपुरेकर:
मगर होळीच्या आगेमागे काठच्या मातीत खड्डा खणून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडाशी पिल्ले बाहेर पडतात. यंत्रे नेमकी त्याच काळात काठावर फिरली. गाळ काढूच नका, असे मी म्हटलेले नाही. घरट्यांचा काठ तेवढे दिवस सोडावा, इतकीच मागणी होती.

तळमजला:
बरे, आभासी अंडी आभासी यंत्राने फोडू नयेत, एवढे मान्य. मात्र सोडलेल्या काठावरून पाणी वस्तीत आले, तर जबाबदारी कोणाची, हे आधी लेखी द्या.

कारेलीबागकर:
भराव घालणाऱ्यांकडून ते कधी लेखी मागितलेत?