मदत हवी आहे: शर्यतीच्या गाडीत 36 किलो बॅलास्ट (किमान वजन गाठण्यासाठीचे भरीचे वजन) कुठे आणि कसे बसवावे?

हौशी सर्किट शर्यतींसाठी आम्ही घरीच तयार केलेली एक छोटी हॅचबॅक गाडी आहे. इंजिन पुढे आणि चालही पुढच्याच चाकांना. गेल्या हंगामापर्यंत ती मी चालवत होतो, यंदापासून माझी धाकटी बहीण चालवणार आहे. माझे वजन 82 किलो आहे आणि तिचे 54. आमच्या वर्गात चालकासह गाडीचे किमान वजन 895 किलो असावे लागते. मी चालवत असताना स्टेपनीच्या खड्ड्यात 8 किलोची एक लोखंडी पट्टी दोन बोल्टांनी बसवली होती आणि तेवढ्याने गाडी काट्यावर 900 भरत असे. आता तेच 900 गाठायचे तर 36 किलो लागतील. पूर्वी वजन शर्यतीआधी घेत असत. यंदापासून ते शर्यत संपताच, चालक आत बसलेला असताना घेतले जाणार आहे.

जुनी पट्टी काढून, बहिणीला पूर्ण पोशाखात आणि हेल्मेटसह आत बसवून आणि टाकीत 15 लिटर पेट्रोल ठेवून मी चारही चाकांखाली काटे लावले. पुढचे डावे चाक 262, पुढचे उजवे 276, मागचे डावे 152 आणि मागचे उजवे 174, असे एकूण 864 किलो आले. चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवी बाजू 36 किलोने जड आहे. एकूण वजनापैकी 62.3 टक्के पुढच्या चाकांवर आहे.

माझ्यापुढे दोन जागा आहेत. पहिली डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्याची, जी मागच्या एक्सलच्याही साधारण 40 सेंटिमीटर मागे येते. दोन एक्सलमधील अंतर 240 सेंटिमीटर धरून हिशेब केला, तर तिथे ठेवलेले 36 किलो मागच्या चाकांवर 42 किलो भार टाकतात आणि पुढच्या चाकांवरचे 6 किलो उचलतात. म्हणजे पुढचा वाटा 59.1 टक्क्यांवर येतो. दुसरी जागा डाव्या, काढून टाकलेल्या सीटच्या खालच्या तळाची आहे. तिथे पुढचा वाटा 61.8 टक्केच राहतो, पण डावी-उजवी विभागणी 48-52 वरून जवळजवळ 49-51 होते. ज्यांचे मी नेहमी ऐकतो अशा दोन अनुभवी मित्रांपैकी एक ठामपणे डिकी म्हणतो आणि दुसरा तितक्याच ठामपणे सीटची जागा.

खरी काळजी मात्र वेगळीच आहे. 8 किलोची पट्टी आणि 36 किलोचा ठोकळा यांत फार फरक आहे, आणि तो ठोकळा बहिणीपासून हातभर अंतरावर असणार आहे. गाडी उलटली किंवा भिंतीवर आदळली तरी तो जागचा हलता कामा नये. शिसे घ्यावे की लोखंड, बोल्ट कोणते आणि किती, पत्र्याखाली काय लावावे आणि बॅलास्ट बसवल्यावर सस्पेन्शन पुन्हा जुळवावे लागेल का, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पहिला प्रतिसाद

जागेचा विचार करण्याआधी आपला आकडाच दुरुस्त करावा लागेल. आपण 15 लिटर पेट्रोल टाकीत असताना वजन केले आहे, परंतु तपासणी शर्यतीनंतर होणार आहे. शर्यतीत 10 लिटर जळाले असे धरल्यास, पेट्रोलचे वजन लिटरला सुमारे 740 ग्रॅम असल्यामुळे, गाडी 7.4 किलोने हलकी होऊन परतेल आणि आपले 900 हे 892.6 होतील. म्हणजे शर्यत जिंकूनही गाडी बाद ठरेल. शिवाय आपला काटा आणि आयोजकांचा काटा यांत थोडा फरक निघू शकतो, म्हणून 3 किलो हाताशी ठेवावेत. या हिशेबाने आपल्याला 36 नव्हे, तर सुमारे 42 किलो हवेत.

आता जागा. मी सीटच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण केवळ डावे-उजवे नाही. आपल्या आकड्यांवरून गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या एक्सलच्या 90 सेंटिमीटर मागे येतो. सीटखालचा तळ तिथून सुमारे 30 सेंटिमीटरवर आहे, तर स्टेपनीचा खड्डा 190 सेंटिमीटरवर. गाडी वळवताना वजनाचा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तेच वजन डिकीत ठेवल्यास वळण्याला सुमारे 40 पट अधिक अडथळा करते. एका दिशेने वळून लगेच उलट दिशेला वळावे लागते, तिथे हा फरक चालकाला स्पष्ट जाणवतो, कारण गाडीचा मागचा भाग एकदा फिरू लागला की तो थांबवणे अवघड जाते.

नियमपुस्तिका अवश्य पाहावी. एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांतील परिशिष्ट जे मध्ये बॅलास्ट मजबूत, एकसंध ठोकळ्यांचे असावे, हत्यारानेच बसवता-काढता यावे आणि ते चालकाच्या कप्प्याच्या तळावर, तपासनिसाला दिसेल आणि सील लावता येईल असे असावे, अशी अट आहे. अनेक हौशी वर्गांचे नियम यावरच बेतलेले असतात. आपल्या वर्गात असेच असेल, तर डिकीचा प्रश्नच उरत नाही.

शिसे लोखंडापेक्षा जवळजवळ दीडपट जड असते, पण या कामासाठी मी ते सुचवणार नाही. ते मऊ असल्यामुळे बोल्टच्या दाबाखाली हळूहळू दबते आणि घट्ट केलेला नट काही आठवड्यांत सैल होतो. शिवाय ते कापताना आणि वितळवताना निघणारी पूड आणि वाफ विषारी असते. आपल्याकडे जागेची टंचाई नाही. 300 बाय 500 मिलिमीटरच्या, 12 मिलिमीटर जाड अशा तीन पोलादी प्लेटा घेतल्या, तर त्यांचे वजन 42.4 किलो भरते आणि एकावर एक ठेवूनही उंची फक्त 36 मिलिमीटर होते.

आपल्या काळजीविषयी सविस्तर लिहितो, कारण नेमकी इथेच चूक होते. अपघातात ठोकळ्यावर त्याच्या वजनाच्या 25 पट बल येते असे धरले, तर 42 किलोचा ठोकळा एक टनाहून अधिक जोराने सुटू पाहील. 8.8 दर्जाचा 10 मिलिमीटरचा एकच चांगला बोल्ट सरळ ताणात याच्या तिप्पट भार सहज घेतो. तुटतो तो पत्रा. गाडीच्या तळाचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो आणि साधा वॉशर लावलेला बोल्ट त्यातून कागदातून निघावा तसा निघून येतो. म्हणून प्रत्येक बोल्टखाली, गाडीच्या खालच्या बाजूने, कडा गोल केलेली 3 मिलिमीटर जाडीची किमान 75 मिलिमीटर चौरस पोलादी पट्टी लावावी, आणि शक्य तिथे बोल्ट सीटच्या आडव्या पेटीसारख्या भागातून न्यावेत. पेटीतून बोल्ट नेताना आत पोलादी नळी बसवावी, नाहीतर नट आवळताना पेटीच चेपेल. असे चार बोल्ट, स्वतःहून न सुटणारे नट, आणि प्रत्येक नटावरून प्लेटपर्यंत रंगाची एक रेघ, म्हणजे नट फिरला तर लगेच दिसेल. छिद्र पाडण्यापूर्वी गाडीखाली शिरून ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या कुठून जातात ते स्वतः पाहावे.

दुसरा प्रतिसाद

बसवण्याच्या पद्धतीविषयी वरील प्रत्येक शब्दाशी सहमत आहे, परंतु डिकीचा सल्ला देणारे आपले मित्र अगदीच चुकीचे नाहीत. पुढची चाके ओढणे, वळणे आणि बहुतांश ब्रेकिंग ही तिन्ही कामे करतात. शर्यतीच्या उत्तरार्धात त्यांचे टायर तापून गाडी बाहेरच्या बाजूला सरकू लागते, आणि त्या वेळी पुढचा भार दोन-तीन टक्क्यांनी कमी असणे उपयोगी पडते. तरीही चालक नवी असेल, तर मीदेखील सीटचीच जागा निवडेन. अंडरस्टीअर, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही गाडीचे पुढचे टोक वळणाबाहेर सरकणे, नव्या चालकाला सावरता येते. मागून फिरलेली गाडी सावरणे त्याहून कितीतरी कठीण असते.

सस्पेन्शन मात्र पुन्हा जुळवावेच लागेल. सपाट जमीन, टायरमध्ये ठरलेली हवा, चालक आत आणि अँटी-रोल बारचे (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याचे) दुवे सोडलेले, अशा स्थितीत आधी उंची आणि मग क्रॉस वेट, म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या दोन चाकांवर एकूण वजनाचा किती वाटा आहे ते पाहावे. एका कोपऱ्याची स्प्रिंग वर आवळली की त्या चाकावरचा आणि त्याच्या तिरक्या समोरच्या चाकावरचा भार एकदम वाढतो, म्हणून चारही कोपऱ्यांना थोडे थोडे फिरवावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पेट्रोलचा हिशेब माझ्या ध्यानातच आला नव्हता आणि तो पहिल्याच शर्यतीत महागात पडला असता. आमच्या नियमपुस्तिकेतही बॅलास्ट चालकाच्या कप्प्यातच हवे असे निघाले. या आठवड्यात तीन प्लेटा सीटच्या जागी बसवल्या. मागचे दोन बोल्ट आडव्या पेटीतून नळीसह गेले आहेत, पुढच्या दोघांखाली 100 मिलिमीटरच्या पट्ट्या लावल्या आहेत. डावीकडची ब्रेकची नळी ठरवलेल्या छिद्रापासून अवघ्या दोन बोटांवर होती, म्हणून तो बोल्ट थोडा आत घेतला.

टाकीत 5 लिटर पेट्रोल आणि बहीण आत असताना गाडी 899 किलो भरली. डाव्या बाजूवर 49.2 टक्के भार आहे आणि क्रॉस वेट 49.5 वरून 50 वर आणता आले. प्रत्येक सरावानंतर नटांवरची रंगाची रेघ पाहण्याचे काम बहिणीने स्वतःकडे घेतले आहे.