दहावीच्या पेपरची धास्ती: येत असूनही आठवत का नाही?

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावीला आहे. घरी बीजगणिताची उदाहरणे ती सहज सोडवते; मात्र सराव परीक्षेत प्रश्नपत्रिका हाती येताच तिचे तळवे घामेजतात आणि पाठ असलेले सूत्रही आठवत नाही. अभ्यास कमी पडतो, असे मानावे का?

उत्तर १ : नाही, ताई. उदाहरण सोडवताना आकडे तात्पुरते मनात धरून ठेवावे लागतात. ‘नापास झाले तर’ हा विचार नेमकी तीच जागा अडवतो, म्हणून येत असलेलेही त्या क्षणी सुचत नाही. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर उतरवणाऱ्या चिंताग्रस्त विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचे शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले.

उत्तर २ : मी गणित शिकवते. घड्याळ लावून, घराबाहेरच्या अनोळखी बाकावर, पूर्ण पेपर सोडवून घ्या. पुस्तक पुन्हा वाचल्याने ही धास्ती जात नाही. हमखास सुटणारा प्रश्न आधी घेतला की हात चालू लागतो. पेपरहून आल्यावर ‘किती पडतील?’ असे मात्र कृपया विचारू नका.

उत्तर ३ : झोप उडाली असेल किंवा जेवण तुटले असेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी निःशुल्क बोलता येते.