एप्रिलमध्ये व्हेल शार्कसोबत पोहायचंय, माशाला त्रास न देता कसं करायचं? (मालदीव का ओस्लोब)

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. पोराची अकरावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये आम्ही तिघं बाहेर जायलोय, मी, बायको आणि पोरगा. व्हेल शार्क बघायचं वेड पोराचं, पण त्याच्यासोबत व्हिडिओ बघून बघून आता मलाबी ओढ लागलीय. एजंटकडं गेलो तर तो म्हणला मालदीवला कशाला जाता, तिथं दिसला तर दिसला, त्यापेक्षा फिलिपिन्सला ओस्लोबला चला, शंभर टक्के गॅरंटी, सकाळी पाण्यात उतरायचं, फोटो काढायचे, जेवायला हॉटेलवर. पोरगा ऐकंना, म्हणतोय तिथं माशाला खायला घालून थांबवून ठेवतात, असलं काय बघायचं नाही मला.

तर विचारायचं हे की गॅरंटी नसताना एवढा पैसा घालून मालदीवला जावं का, आणि मासा समोर आला की नेमकं वागायचं कसं? हात लावू देतात का? दुसरं म्हणजे मी पोहायला शिकलो ते गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून, पोरगा टँकमध्ये शिकलाय, बायको कमरेएवढ्या पाण्याच्या पुढं गेलेली नाही. समुद्राचा अनुभव कुणालाच नाही. जे जाऊन आलेत त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

विजापूररोड_मानसी
दादा, मुलाचं ऐका, मालदीवच करा. आम्ही साउथ आरी अटॉलमध्ये (अटॉल म्हणजे प्रवाळाच्या कड्यावरचा बेटांचा समूह) धिगुरा म्हणून बेट आहे तिथं राहिलो होतो, रिसॉर्ट नाही, साध्या लोकांच्या वस्तीतलं गेस्टहाऊस, खर्च बराच कमी होतो. फक्त लोकल बेटांवर दारू चालत नाही आणि पोहायचे कपडे ठरलेल्या बीचवरच, गावात फिरताना अंगभर घालायचे. तो सगळा पट्टा 2009 पासून संरक्षित आहे आणि व्हेल शार्क तिथं बारा महिने असतात, त्यामुळं एप्रिल चालेल.

होतं कसं सांगते, बोट रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकाच्या, बाहेरच्या कडेनं हळूहळू जात राहते आणि टपावर एक माणूस नुसता पाण्याकडं बघत उभा असतो, काळपट सावली दिसली की तो ओरडतो आणि मग एकदम मास्क कुठाय फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) कुठायत अशी धांदल. आम्हाला पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही, नुसतं ऊन खाल्लं. दुसऱ्या दिवशी दिसला आणि पाण्यात तोंड घातल्यावर आधी ठिपकेच दिसतात हो, एवढे पांढरे ठिपके, रांगेत मांडल्यासारखे, आणि मग कळतं की हे सगळं एकच अंग आहे आणि ते पुढं सरकतंय. मी रडले होते मास्कमध्ये.

हात अजिबात लावायचा नाही. अंगापासून 3 मीटर आणि शेपटीपासून 4 मीटर लांब राहायचं हा तिथला नियम आहे, फ्लॅश बंद. पण नियम पाळणारी बोट शोधणं तुमच्या हातात आहे. एका माशाभोवती पाच-सहा बोटी गोळा झालेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात, तसं दिसलं की आमचा गाइड थांबायचा आणि गर्दी पांगल्यावरच आम्हाला उतरवायचा. बुकिंग करताना विचारा, गर्दी असली तर तुम्ही काय करता? त्याच्या उत्तरावरनं माणूस कळतो.

खारं_पाणी
मूळचा सोलापूरचाच, सध्या रत्नागिरीत मत्स्यशास्त्राचं शिक्षण चालूय. मानसीताईंनी महत्त्वाचं सांगितलंय, थोडी भर घालतो.

व्हेल शार्क हा देवमासा नव्हे, मासाच आहे, जगातला सगळ्यात मोठा मासा, आणि पाणी गाळून प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), मासळीची अंडी, बारीक कोळंबी असलं खातो, त्यामुळं माणसाला धोका नाही. धोका उलट आहे. 2016 पासून हा संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. खोल थंड पाण्यात जाऊन आला की अंग ऊबदार करायला तो वर येऊन सावकाश पोहतो असं अभ्यासक मानतात, आणि नेमका तिथंच बोटीचा पंखा त्याला लागतो. आरीमधल्या कितीतरी माशांच्या पाठीवर आणि परांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणून हात लावू नका एवढ्यावर भागत नाही, बोटवाल्याला 'अजून जवळ घे, अजून जवळ घे' असं म्हणायचं नाही हे जास्त महत्त्वाचं, कारण गिऱ्हाईक मागतं म्हणून तो जवळ घेतो.

पाण्यात उडी मारायची नाही, बोटीच्या कडेवरनं अलगद उतरायचं. माशाच्या तोंडासमोर जायचं नाही, बाजूनं समांतर पोहायचं. तो हळू चाललाय असं वाटतं, पण तुमचा दम जाईल, आणि त्यानं खोल बुडी मारली की विषय संपला, मागं जायचं नाही. सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घाला.

तुमच्या पोरासाठी एक काम सुचवतो. कल्ल्यांच्या मागचा डाव्या बाजूचा फोटो नीट आला तर तो अभ्यासकांना देता येतो. प्रत्येक माशाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते आणि ती जुळवायला खगोलशास्त्रात ताऱ्यांचे फोटो जुळवायची जी पद्धत होती तीच वापरतात. धिगुरावरच व्हेल शार्कवर काम करणारी संशोधकांची टीम असते. पोराला लई आवडंल.

सातरस्ता_मालक
सगळे ओस्लोबला नावं ठेवायलेत म्हणून लिहितो. मी जाऊन आलोय. तिथले मच्छीमार आधी गरिबीत होते, आता त्यांच्या पोरांची शिक्षणं होतायत ह्या माशावर. मासा मारण्यापेक्षा दाखवून पैसे मिळवले तर वाईट काय? आणि तिथंबी हात लावू देत नाहीत, आधी बसवून नियम सांगतात. म्हाताऱ्या आईवडलांना घेऊन जाणाऱ्याला समुद्रात तासन् तास मासा शोधणं जमत नाही.

खारं_पाणी
मालक, लोकांच्या पोटाचं तुमचं म्हणणं एकदम खरंय आणि ते सोडून बोलता येत नाही. पण मासा पोटासाठी एका जागी अडकला की त्याचं फिरणं बदलतं. मैलोन् मैल भटकणारा हा प्राणी, त्यातले काही ओस्लोबला महिनोन्महिने रेंगाळतात हे नोंदवलेलं आहे. आणि बोटीतनं हातानं खायला मिळतं म्हणल्यावर तो बोट दिसली की स्वतःहून जवळ येतो, उद्या दुसरीकडं इंजिनाच्या बोटीजवळ गेला तर? त्याच फिलिपिन्समध्ये डोन्सोलला खायला न घालता दाखवतात, तिथंबी गावाचं पोट त्यावरच चालतं.

आपल्याकडचं बघा. गुजरातच्या किनाऱ्यावर ह्याची शिकार व्हायची, 2001 मध्ये कायद्यानं पूर्ण संरक्षण दिलं, नंतर मोरारीबापूंनी त्याला 'व्हाली' म्हणलं, म्हणजे माहेरी बाळंतपणाला आलेली लाडकी लेक, आणि तेच मच्छीमार जाळी कापून मासा सोडायला लागले. आपल्या महाराष्ट्रातबी संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मच्छीमाराचं आणि माशाचं दोन्ही बघता येतं.

टँकवाले_काका
मी पोहायला शिकवतो म्हणून फक्त पोहण्याचं सांगतो. विहिरीत शिकलेला माणूस खोलीला घाबरत नाही, हे तुमचं चांगलंय. पण विहिरीत काठ जवळ असतो आणि लाटा नसतात. आत्तापासून टँकमध्ये मास्क आणि स्नॉर्केल (तोंडानं श्वास घ्यायची नळी) लावून न थांबता पोहायची सवय करा, पाय गुडघ्यातनं नाही, मांडीतनं हलवायचे. नळीत पाणी गेलं की जोरात फुंकून बाहेर काढायचं, हे उथळ पाण्यात इतकं करा की विचार करावा लागू नये. घाबरलेला माणूस हातपाय झाडतो आणि हाताला येईल ते धरतो, मग तो मासा असो नाहीतर गाइड.

वहिनींनी लाइफ जॅकेट घालून उतरावं, त्यात कमीपणा काही नाही. आधी जॅकेट घालून टँकच्या खोल बाजूला नुसतं पालथं तरंगायचं, तोंड पाण्यात घालून. तेवढं निवांत जमलं तरच समुद्रात, आणि नाही जमलं तर बोटीवरनं बघायचं. पाणी नितळ असलं तर वरनंबी दिसतो.

होटगीरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी वाचून दाखवलं, मालदीव फायनल, धिगुराला चार रात्री धरायलोय म्हणजे एखादा दिवस कोरडा गेला तरी चालंल. बायको म्हणली काकांना विचारा सकाळची बॅच कितीला असते. आणि मानसीताई, मास्क इथनं घेऊन जावा का तिथं भाड्यानं मिळतो?

विजापूररोड_मानसी
मिळतो, पण इथनंच न्या दादा, प्रत्येकाच्या तोंडाच्या मापाचा. पट्टा न लावता चेहऱ्यावर धरायचा आणि नाकानं श्वास आत ओढायचा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर बरोबर. तुम्हाला मिशी असेल तर तिथनं पाणी शिरतं, टँकमध्येच तपासा.

टँकवाले_काका
सकाळी सहाला या, तिघंबी या.