मदत हवी आहे: काणकोणात रात्री दिसलेले डोळे कुणाचे?

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी गोव्यात, काणकोणात मावशीकडे होतो. खोतिगाव अभयारण्य तिथून जवळच. रात्री जेवणानंतर परसात टॉर्च मारला, तर वेलींच्या जाळीत माणसाच्या उंचीच्या जरा वर दोन नारिंगी डोळे चमकले. अगदी जवळजवळ, समोर रोखलेले. मागचं अंग पानांत झाकलेलं. फोटोत नुसता काळोख आलाय, हसू नका.

माझ्या डोक्यात दोनच नावं आहेत: बेडूकतोंड्या, म्हणजे श्रीलंकन फ्रॉगमाऊथ हा पक्षी, नाहीतर लाजवंती, आपलं स्लेंडर लोरिस, हा छोटा सस्तन प्राणी. दोघंही निशाचर, दोघंही किडे खाणारे आणि आकारानंही वीतभरच. बेडूकतोंड्या बिथरला की चोच वर करून मोडक्या फांदीसारखा ताठ बसतो. लाजवंती मात्र शेपटीविना, फांदी हातापायांनी घट्ट धरून सावकाश सरकते. मी पाहिलेले डोळे मिनिटभर स्थिर होते, मग हळूच बाजूला सरकले आणि विझले. पंखांचा आवाज नाही. म्हणून माझा कल लाजवंतीकडे, पण मावशी म्हणते, "अरे, पाखरूच असणार ते!"

नुसत्या डोळ्यांच्या चमकेवरून पक्षी की सस्तन, हे सांगता येतं का? दोघांच्या आवाजात फरक कसा ओळखायचा? पुढच्या वेळी टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावू का?

नेमकी जागा इथे विचारू नका. जादूटोण्यासाठी लाजवंतीला पकडणारे लोक अजून आहेत.