लिफ्ट केलेल्या जिप्सीला पाचर मारावी का?

घाटवाट:
लिफ्टनंतर, म्हणजे गाडी उंच केल्यावर, प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा) थरथरला की कमान (पाट्यांची स्प्रिंग) आणि हौसिंगच्या (ॲक्सलचं कवच) मध्ये पाचर मारून मोकळं व्हायचं, ही सवय मोडायला हवी. माझ्या जिप्सीला नव्या कमानींनी 3 इंच लिफ्ट दिली. गॅरेजवाल्याने न मोजताच 4 अंशांची पाचर घालून मागच्या पिनियनचं (हौसिंगमधला दातेरी दांडा, ज्याला शाफ्ट जोडतात) नाक वर केलं. ताशी 60 ओलांडले की सीटखालून घरघर सुरू.

शेवटी मीच खाली झोपून मोजलं. ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, आणि क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा. ट्रान्सफर केसकडच्या क्रॉसला 13 अंश, पिनियनकडच्या क्रॉसला 9. वाकलेला क्रॉस फिरताना त्याच्या पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. दुसरा क्रॉस तेवढाच वाकलेला असेल तरच तो हिसका तिथल्या तिथे जिरतो. पाचर काढली, दोन्हीकडे 13 आले, घरघर थांबली.

कमानपाटा:
तुमचं निदान बरोबर, पण उपाय अर्धाच. कोन जुळले म्हणून पिनियन एकसारखा फिरतो, मधला शाफ्ट मात्र अजूनही अडीच टक्क्यांहून जास्त मागेपुढे होतोय. हायवेवर ते सगळं क्रॉसच्या सुई-बेअरिंगवर जातं. ट्रान्सफर केसकडे डबल क्रॉसचा (त्या टोकाला दोन क्रॉस जोडून असलेला) शाफ्ट बसवा आणि पिनियन थेट त्याच्याकडे रोखा. तिथे पाचर लागतेच, सरसकट वाईट ठरवू नका.

घाटवाट:
13 अंश भरायला पाचर नाही चालणार, दादा. एवढ्या जाड पाचरीवर यू-बोल्ट (कमान हौसिंगला आवळणारे) नीट बसत नाहीत. हौसिंगवरचे कमान टेकायचे पॅड कापून नव्या कोनात वेल्ड करावे लागतील. शिवाय नाक जास्त वर गेलं की पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल कमी पडतं, त्याचं काय?

कमानपाटा:
पॅड वेल्ड करा, मान्य. तेलाची पातळी थोडी वाढवून ठेवायची. आणि पिनियन थेट रेषेपेक्षा 1-2 अंश खालीच ठेवा, कारण ॲक्सिलरेटर दाबला की कमान पिळते आणि नाक आपोआप वर येतं.

दगडगोटा:
एवढा खर्च कशाला? ट्रान्सफर केस इंचभर खाली घ्या, मागचा कोन लगेच कमी होतो. मी दोन वर्षं तसाच फिरतोय.

घाटवाट:
याला माझा सक्त विरोध. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी आहे, मध्ये आखूड शाफ्ट आहे. केस खाली आली की तोच वाकतो, आणि आखूड असल्यामुळे जास्तच वाकतो. लिफ्ट घेतली दगडांवरून जायला. मग पोटाखालची जागा परत का द्यायची?

दगडगोटा:
केस तिरकी न होता सरळ खाली आली तर त्या शाफ्टचे दोन्ही कोन सारखेच वाढतात. तुमच्याच नियमाने थरथर नाही. पोटाखालची जागा जाते, ते खरं.

शेणवडी:
पुढच्या हौसिंगबद्दल कुणी बोललं नाही. तिथे पिनियन उचलला की किंगपिनचा (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा) मागचा कल कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटतं. माझ्या गाडीत हेच झालं, पुढची पाचर त्याच आठवड्यात काढली. दगडगोटा, तुमचा आखूड शाफ्ट किती अंशांवर आहे, एकदा मोजून टाका ना.

दगडगोटा:
रविवारी रॅम्पवर घेऊन मोजतो. रबर माउंटही तेव्हाच बघतो, उजवीकडचं जरा दबलंय.