सल्ला हवा: डेटा पुसणाऱ्या टूलची माहिती एआय एजंटसाठी कशी लिहावी?

खटपट्या
मंडळी, टीमसाठी मी 'झाडू' नावाचं एक छोटं कमांड लाइन टूल लिहिलंय. टेस्ट सर्व्हरवरचे जुने डेटाबेस पुसतं. दोन वर्षं माणसं वापरत होती, एकही तक्रार नाही. मागच्या आठवड्यात एका सहकाऱ्याने फेल झालेल्या टेस्ट बघायला कोडिंग एजंटला (स्वतः कमांड चालवून काम करणाऱ्या एआयला) बसवलं. डिस्क भरलेली होती. एजंटने झाडूची हेल्प वाचली, कमांड चालवली, आणि क्यूएच्या (सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमच्या) ताईंनी तीन दिवस खपून भरलेला नमुना डेटा गेला. बॅकअप? टेस्ट सर्व्हरचा कोण ठेवतो!

हेल्पमध्ये एवढंच होतं (मूळ इंग्रजी, इथे मराठीत देतोय): "झाडू: अनावश्यक डेटाबेस काढून जागा मोकळी करतो." आता रीडमीत (टूलसोबतच्या माहितीच्या फाइलीत) मोठ्या अक्षरांत 'धोका' लिहिलंय. पुरेल का?

बोरूबहाद्दर
नाही पुरणार. धोका कशाला, ते लिहा. आणि 'अनावश्यक' कोणी ठरवलं? तुमच्या मनात '३० दिवस हात न लागलेला' असेल, पण ते तुमच्या मनातच राहिलं. 'काढतो', 'मोकळी करतो' ही गोड क्रियापदं आहेत. 'कायमचं पुसतो' लिहा. एजंट रीडमी उघडेलच याचीही खात्री नाही, हेल्प मात्र बहुतेक वेळा बघतो.

रात्रपाळी
लॉग बघितला का? झाडूने लगेच पुसलं की आधी अडवलं?

खटपट्या
अडवलं की! "१४ डेटाबेस वापरात आहेत. तरीही पुसायचे असल्यास --फोर्स द्या." पुढच्याच ओळीत --फोर्स.

रात्रपाळी
मग एजंटने तुमचं ऐकलंच ना! 'वापरात आहेत' वाचून माणूस थबकतो, शेजारच्याला विचारतो. एजंटला काम संपवायचंय आणि पुढची पायरी तुम्हीच लिहून दिलीत. एरर मेसेज हीसुद्धा सूचनाच असते त्याच्यासाठी. त्यातून --फोर्सचं नाव काढा. "थांबा. हे डेटाबेस इतरांचे आहेत. यादी दाखवून माणसाला विचारा" असं लिहा.

दुसरं, परत काय मिळेल हे ऑप्शनगणिक सांगा. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं उदाहरण घ्या. 'रीसेट --हार्ड' करून मागच्या स्थितीला गेलात तरी कमिट केलेलं, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेलं, काम रीफ्लॉगमध्ये (गिटच्या हालचालींच्या नोंदवहीत) सापडतं, डीफॉल्ट सेटिंगमध्ये ३० दिवस तरी. कमिट न केलेले बदल मात्र गेले. फालतू फाइली पुसणाऱ्या 'क्लीन'मध्ये -एक्स जोडलंत तर गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) फाइलीही जातात, म्हणजे पासवर्डवाली डॉट एन्व्ह फाइल. ती गिटने कधी पाहिलेलीच नसते, तर परत देणार कुठून? पण 'क्लीन'चा एक गुण उचला: डीफॉल्टमध्ये ते -एफशिवाय पुसायला नकार देतं, आणि -एन दिलं की काय जाईल ते नुसतं दाखवतं. झाडूने तर काही ऑप्शन न देता फक्त यादीच दाखवावी.

चिंतातुर_जंतू_२
कितीही छान लिहा, एजंटच्या हाती पुसायचा अधिकार द्यायचाच कशाला? त्याला फक्त वाचायची परवानगी देणारं टोकन (प्रवेशाची किल्ली) द्या, विषय संपला.

रात्रपाळी
टोकनबद्दल अनुमोदन. पण विषय संपत नाही, कारण झाडू उद्या कोणीतरी स्वतःच्या लॉगिनवर एजंटकडून चालवून घेणारच. आणि चुकतात ती फक्त यंत्रं नाहीत. २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या इंजिनियरने रात्री उशिरा भलत्याच डेटाबेस सर्व्हरवर पुसायची कमांड दिली, सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. त्यांनी ते स्वतःच जाहीरपणे लिहिलंय. म्हणून सर्व्हरचं नाव प्रत्येक आउटपुटच्या पहिल्या ओळीत हवं.

बोरूबहाद्दर
झाडू एमसीपीतून (एआयला बाहेरची टूल्स जोडायच्या प्रमाण पद्धतीतून) देणार असाल तर यादी आणि पुसणं ही दोन वेगळी टूल्स करा. मार्च २०२५ च्या स्पेसिफिकेशनपासून टूलला 'रीड-ओन्ली' आणि 'डिस्ट्रक्टिव्ह' असे शेरे जोडता येतात. एकाच टूलमध्ये दोन्ही कोंबलंत तर यादीसाठीसुद्धा दरवेळी परवानगी मागावी लागते, आणि कंटाळून माणूस 'नेहमी चालेल' दाबून मोकळा होतो. अर्थात तो शेरा म्हणजे नुसती सूचना. कुलूप कोडमध्येच घाला.

खटपट्या
नवा मजकूर बघा:
"झाडू पुसा: दिलेल्या नावाचा डेटाबेस कायमचा पुसतो. बॅकअप घेत नाही. पुसलेला डेटा सहसा परत मिळत नाही. फक्त जागा हवी असेल तर आधी 'झाडू लॉग' चालवा, तो डेटाबेसला हात लावत नाही. डेटाबेस कोणाचा हे माहीत नसेल तर चालवू नका, विचारा."
--फोर्स उडवलं. वापरातला डेटाबेस पुसायला आता मालकाने स्वतःच्या लॉगिनमधून काढलेला एकवेळचा कोड लागतो.

चिंतातुर_जंतू_२
'सहसा' का? कधी मिळतो परत?

खटपट्या
कधीच नाही. उडवला तो शब्द.