प्रेसिडेंट कोण, यावर फार्मसीतली गोळी ठरते का? (अमेरिका, गर्भपात आणि मतदान)

प्लॅनोची_प्राजू
आधी घडलेलं सांगते, मग प्रश्न. मैत्रीण, नववा आठवडा, सोनोग्राफीत बाळाचे ठोके नाहीत. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या (गर्भपातासाठीही वापरतात त्याच) लिहून दिल्या, म्हणजे घरच्या घरी सगळं मोकळं होईल. फार्मसीच्या ड्राइव्ह-थ्रूत आम्ही दोघी, ती मागच्या सीटवर पोटाशी उशी घेऊन, आणि आतला पोरगेलासा फार्मसिस्ट स्क्रीनवरून नजर न काढता विचारतो, हे कशासाठी हवंय? मी सांगितलं. तर म्हणे डॉक्टरांकडून डायग्नोसिस लेखी यायला पाहिजे. बिचारा हळू बोलायचा प्रयत्न करत होता पण खिडकीचा स्पीकर एवढा मोठा की मागच्या गाडीतल्यालाही कळलं असणार. शुक्रवारची संध्याकाळ, दवाखाना बंद. गोळ्या मिळाल्या सोमवारी. ते दोन दिवस तिने कसे काढले ते इथे लिहिणार नाही.

घरी नवरा म्हणाला, हा टेक्ससचा गर्भपातबंदीचा कायदा, यात प्रेसिडेंटचा काय संबंध? मला वाटतं सरळ संबंध आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचे जस्टिस स्कॅलिया गेले, ओबामाने त्या जागेवर मेरिक गार्लंडचं नाव दिलं, रिपब्लिकन नेते मॅकॉनेलच्या सिनेटने (जजला तिची मंजुरी लागते) निवडणूक होईपर्यंत सुनावणीसुद्धा घेतली नाही. ट्रंप निवडून आला आणि चार वर्षांत तीन जज बसवले, गोर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट. बॅरेटबाईंवर तर २६ ऑक्टोबर २०२० ला शिक्कामोर्तब, मतदान ३ नोव्हेंबरला! जून २०२२ मध्ये डॉब्स निकालात रो विरुद्ध वेड (१९७३ चा, गर्भपाताला देशभर घटनात्मक संरक्षण देणारा) मोडीत निघाला, नऊपैकी पाच जजांच्या जोरावर, त्यात हे तिघंही. म्हणजे २०१६ चं मत २०२२ मध्ये लागू झालं आणि आता आमच्या ड्राइव्ह-थ्रूत येऊन पोचलं. चुकतंय का माझं?

ओहायोचा_आप्पा
ताई, मैत्रिणीबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण गणित चुकतंय असं मला वाटतं. टेक्ससच्या कायद्यात मृत गर्भ काढणं हे अ‍ॅबॉर्शन धरतच नाहीत, स्पष्ट लिहिलेलं आहे. मग तो फार्मसिस्ट अडला तो स्वतःच्या अज्ञानामुळे, त्याचं बिल प्रेसिडेंटच्या नावावर का फाडायचं?

दुसरं, प्रेसिडेंटने नेमलेला जज प्रेसिडेंटचं ऐकतो हे इतकं सोपं कधीच नव्हतं. रोच्या बाजूने सात जज होते, त्यातले पाच रिपब्लिकन प्रेसिडेंटांनी नेमलेले, निकाल लिहिणारा ब्लॅकमन स्वतः निक्सनचा. आणि विरोधात दोघं, त्यातला व्हाइट हा केनेडीने नेमलेला! १९९२ ला केसी खटल्यात रो वाचवला तो जस्टिस ओकॉनर, अँथनी केनेडी आणि सूटर यांनी, दोन रेगनचे, एक थोरल्या बुशचा. त्यामुळे अमुक माणूस निवडून आला म्हणून तमुक हक्क गेला हे जरा शेजाऱ्याच्या म्हशीला बोल लावण्यासारखं आहे.

ठाणे_टू_बोस्टन
आप्पा, इतिहास बरोबर सांगितलात आणि नेमका तिथेच थांबलात. सूटरने दगा दिला असं वाटल्यावरच तर "आता पुन्हा सूटर नको" ही घोषणा निघाली रिपब्लिकनांकडे. त्यानंतर वकिलांच्या संघटनांतून एकेक नाव चाळणीतून काढून तयार ठेवायला लागले. २०१६ ला ट्रंपने संभाव्य जजेसची यादीच निवडणुकीआधी छापली, असं आधी कुणी केलं नव्हतं, आणि डिबेटमध्ये स्वतः म्हणाला की माझे जज आले की रो आपोआप जाईल. ब्लॅकमनच्या काळात गाय कुठे चरते ते मालकाला माहीत नसायचं, आता दावणीला बांधूनच आणतात.

गणप्या_सांगलीकर
म्हैस, गाय, दावण... अमेरिकेवरचा धागा का जनावरांचा बाजार 😀 असो, चालू द्या, शेंगा घेऊन बसलोय.

ओहायोचा_आप्पा
@ठाणे, बरं मान्य, यादी छापली. पण लोकांनी यादी बघून मत दिलं ना? मग तक्रार कसली. माझा मुद्दा वेगळाच आहे. आम्ही ओहायोत नोव्हेंबर २०२३ मध्ये यावर थेट मतदान केलं, गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायचा का. मी "नाही"ला मत दिलं आणि हरलो, जवळजवळ ५७ टक्के लोक "हो" म्हणाले. हरलो तरी झोप लागली कारण ठरवलं ते आम्ही, वॉशिंग्टनच्या नऊ वकिलांनी नाही. आणि याच ओहायोने वर्षभरात ट्रंपला निवडून दिलं. कॅन्ससचं बघा, ट्रंपचं हक्काचं राज्य, ऑगस्ट २०२२ ला तिथे गर्भपाताचं संरक्षण काढायचा प्रस्ताव आपटला. २०२४ ला अ‍ॅरिझोना, मिझुरी, मॉन्टाना, नेवाडा, चारही ठिकाणी एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर लोकांनी ट्रंपलाही मत दिलं आणि गर्भपाताच्या हक्कालाही. लोकांना दोन गोष्टी वेगळ्या करता येतात.

आणि आता "नाही"ला मत का दिलं ते विचारालच. आमची धाकटी २६ व्या आठवड्यात झाली. काचेच्या पेटीत ७१ दिवस. तिचा हात माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता. अंगठी तिच्या दंडातून वर जायची. त्यानंतर मला कुणी "पेशींचा गोळा" म्हटलं की पुढचं ऐकवत नाही, क्षमस्व.

प्लॅनोची_प्राजू
आप्पा, लेकीचं वाचून डोळ्यात पाणी आलं, खरंच. पण तुम्हाला मतपत्रिका मिळाली म्हणून तुम्हाला झोप लागली. टेक्ससमध्ये लोकांनी सह्या गोळा करून असा प्रस्ताव मतदानाला आणायची सोयच नाही, विधिमंडळाने आणला तरच. आणि फ्लोरिडात होती, तर २०२४ ला ५७ टक्के लोक हो म्हणाले आणि तरी प्रस्ताव पडला, कारण तिथे ६० लागतात. तुमच्याकडे ५७ म्हणजे विजय आणि तिकडे ५७ म्हणजे सहा आठवड्यांची बंदी कायम. मिझुरीत तर लोकांनी हो म्हटल्यावर विधिमंडळाने तेच रद्द करायचा प्रस्ताव पुन्हा २०२६ च्या मतदानाला आणला. यालाच "राज्यांवर सोडलं" म्हणायचं का?

आणि तो फार्मसिस्ट अज्ञानी नव्हता हो, घाबरलेला होता. इथे डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि वर किमान १ लाख डॉलर दंड. कायद्यात सूट आहे ती वकिलाला दिसते, ऐन शुक्रवारी संध्याकाळी काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला आधी शिक्षा दिसते.

बेळगावचा_बाब्या
यावर आमच्या गावच्या लोकांना वेगळं सांगायला नको. सविता हलप्पनवार बेळगावची, डेंटिस्ट, आयर्लंडमध्ये गॉलवेला. ऑक्टोबर २०१२, १७ आठवडे, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनाही माहीत होतं, पण ठोके चालू आहेत म्हणून थांबले, सेप्सिस झालं आणि ३१ व्या वर्षी गेली. तिथल्या कायद्यातही आईच्या जिवाला धोका असला तर सूट होतीच की. नेमका धोका कधी सुरू झाला हे ठरवेपर्यंत पोरगी गेली. बाजारात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. पुढे मे २०१८ ला आयर्लंडने सार्वमतात ६६ टक्क्यांनी ती बंदी उठवली. त्यात त्यांच्या प्रेसिडेंटचा काही हात नव्हता हेही खरं, म्हणजे आप्पांचाही मुद्दा थोडा बरोबरच पडतो. मी कुठल्या बाजूला ते मलाच कळेना.

ठाणे_टू_बोस्टन
थोडा कामाचा मुद्दा, कारण सगळे जजवर अडकलेत. जज मरायची वाट बघावी लागते, पण पहिल्याच आठवड्यात प्रेसिडेंट काय करू शकतो ते बघा. परदेशी संस्थांनी गर्भपाताबद्दल माहिती जरी दिली तरी अमेरिकन मदत बंद, हा नियम रेगनने १९८४ मध्ये आणला. क्लिंटनने काढला, बुशने आणला, ओबामाने काढला, ट्रंपने आणला आणि वाढवला, बायडनने काढला, जानेवारी २०२५ ला ट्रंपने परत आणला. चाळीस वर्षं हे सुरूय, आफ्रिकेतल्या एखाद्या दवाखान्यातल्या नर्सला अमेरिकेतल्या मतमोजणीवरून कळतं की पुढची चार वर्षं पेशंटशी काय बोलायचं नाही. याला कुठली काँग्रेस लागत नाही, सही लागते फक्त.

आणि गोळी. मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीला एफडीएने (औषधांना मंजुरी देणारं फेडरल खातं) २००० साली परवानगी दिली. आधी ती दवाखान्यात जाऊनच घ्यावी लागायची, बायडनच्या काळात ती अट गेली, टपालाने मिळायला लागली. एफडीएचा प्रमुख कोण नेमतो? प्रेसिडेंट. शिवाय १८७३ चा एक कॉमस्टॉक कायदा अजून जिवंत आहे, गर्भपाताचं सामान टपालाने पाठवू नये असं सांगणारा. बायडनच्या न्याय खात्याने म्हटलं तो इथे लागू नाही. उद्या दुसऱ्या कुणाच्या न्याय खात्याने म्हटलं लागू आहे, तर मॅसॅच्युसेट्समध्ये मी मतदान करून काय करू? दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा फडताळात पडून आहे आणि किल्ली व्हाइट हाउसला.

ओहायोचा_आप्पा
किल्ली आहे, पण फिरवली का? ट्रंप म्हणाला होता देशभर बंदीचं बिल आलं तर व्हेटो करीन, सहा आठवडे फार कमी आहेत असंही म्हणाला, आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी) बाजूने आदेश काढला. आमच्या बाजूचे कित्येक लोक त्याच्यावर नाराज आहेत. आणि हॅरिस निवडून आल्या असत्या तर काय? रो परत आणू म्हणाल्या, पण सिनेटमध्ये विरोधकांची अडवणूक मोडायला लागतात ती १०० पैकी ६० मतं कुठून आणणार होत्या? २०२२ मध्ये डेमोक्रॅटांचंच हक्काचं बिल ४९-५१ ने पडलं, ६० सोडा, ५० सुद्धा नाहीत. निवडणुकीत दोन्हीकडून नुसती भीती विकली जाते.

प्लॅनोची_प्राजू
हॅरिसबद्दल सहमत, ते आश्वासन पोकळच होतं. पण "काही आणणार नव्हत्या" आणि "काही काढणार नव्हत्या" यात फरक आहे ना. इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला आधी सावरा असं सांगणारा १९८६ चा फेडरल कायदा आहे, बायडनने २०२२ ला लिहून दिलं की त्यात गरज पडली तर गर्भपातही येतो. जून २०२५ मध्ये ट्रंपच्या लोकांनी ते पत्र मागे घेतलं.

ओहायोचा_आप्पा
ते पत्र टेक्ससमध्ये कोर्टाने आधीच अडवलेलं होतं. बायडन असताना.

प्लॅनोची_प्राजू
हो. अडवलं होतं. हा पॉइंट तुमचा.

साताऱ्याच्या_डॉक्टरीणबाई
उशिरा आले, ओपीडी होती. सगळे म्हणतात भारतात हा प्रश्नच नाही, १९७१ चा कायदा, २०२१ ला सुधारणा, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, काही बायकांसाठी २४ पर्यंत दोघांच्या मताने, सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने अविवाहितांनाही तोच हक्क दिला. आणि कुठल्याही निवडणुकीत यावर एक भाषण नाही. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. पण कायदा नीट वाचा, त्यात बाईने मागितलं म्हणून, असं कुठेही नाही, डॉक्टरचं मत हवं. आणि गावाकडची परिस्थिती सांगते, आमच्या तालुक्यात एमटीपी किट (गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट) ठेवायला केमिस्ट तयार नाही. का? लिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेत तपासणीवाले आले की पहिलं किटचं रजिस्टर मागतात. सोनोग्राफीने लिंग कळतं चार-एक महिन्यांनी, किट चालतं नऊ आठवड्यांपर्यंत, या दोन्हींचा काडीचा संबंध नाही, पण भांडायला कोण जाणार, त्यापेक्षा माल नको. मग बाई येते माझ्याकडे बारा आठवडे उलटल्यावर, एसटीने, सोबत सासू. म्हणजे प्राजूचा तो फार्मसिस्ट आणि आमचा स्टँडजवळचा केमिस्ट, दोघं मावसभाऊच. फक्त आमच्याला कुठल्या प्रेसिडेंटने घाबरवलेलं नाही.

गणप्या_सांगलीकर
शेंगा संपल्या. डॉक्टरीणबाईंना +१.

एडिसनचे_काका
मला एवढंच विचारायचंय, बंदी आली तर गर्भपात कमी झाले का? कारण मी वाचलंय की २०२३ ला देशात १० लाखांच्या वर झाले, म्हणजे कमी नाहीच. मग एवढा आटापिटा कशासाठी, दोन्ही बाजूंनी?

ठाणे_टू_बोस्टन
काका, एकूण आकडा कमी झाला नाही कारण ज्यांना जमलं त्या न्यू मेक्सिकोला, इलिनॉयला, कॅन्ससला गेल्या, किंवा आमच्यासारख्या राज्यातल्या डॉक्टरने व्हिडिओवर बघून गोळी पाठवली. इथल्या शील्ड लॉमुळे त्या डॉक्टरला बंदीवाल्या राज्यांच्या कारवाईपासून संरक्षण आहे. जिला सुट्टी नाही, गाडी नाही, किंवा व्हिसाचं काही अडलंय म्हणून विमानतळावर जायची भीती वाटते, ती या आकड्यात शोधून सापडायची नाही. आणि ते टपाल कशावर चाललंय ते वर लिहिलंच आहे.

ओहायोचा_आप्पा
टपालाबद्दल माझा विरोध कायम. डॉक्टरने तपासल्याशिवाय, एक्टोपिक (गर्भ गर्भाशयाच्या बाहेर) आहे का न बघता गोळी? आमच्या डॉक्टरीणबाई तरी देतील का?

साताऱ्याच्या_डॉक्टरीणबाई
शंका असली तर सोनोग्राफीशिवाय नाही देणार. पण पाळीची तारीख पक्की, पोटात एका बाजूला दुखत नाही, आधी तसला काही त्रास नाही, अशी बाई प्रश्न विचारूनही निवडता येते. आप्पा, ते माझं काम आहे, प्रेसिडेंटचं पण नाही आणि मतपत्रिकेचं पण नाही. रागावू नका.

ओहायोचा_आप्पा
रागावलो नाही. पटलंही नाही पूर्ण.

प्राजूताई, मैत्रीण कशी आहे आता? आणि २०२८ ला त्या मत कुणाला देणार?

प्लॅनोची_प्राजू
बरी आहे. कामावर जाते. मत कुठलं आप्पा, एच-वन-बीवर आहे ती, अकरा वर्षं झाली, ग्रीन कार्डच्या रांगेत. मलाही नाही मत. आमच्या बिल्डिंगमधल्या आठ मराठी घरांत मिळून मतदार एकच, आमचे खालचे जोशीकाका, आणि ते म्हणतात पेट्रोल स्वस्त करेल त्याला.